सांचीच्या वाटेवरचे सीएनजी पंप

मार्चमध्ये बाबांना सांचीला नेलं. हा लेख रागात लिहिला आहे, हे आधीच सांगतो. घरातलं म्हातारं माणूस घेऊन सीएनजी गाडीने लांब जाणार असाल, तर वाचा.

बाबा आसेगावला राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, उजव्या खुब्यात रॉड. स्तूपाभोवती आपल्या पायांनी एक फेरी मारायची, एवढीच त्यांची इच्छा. मी मंगरूळपीरला चोवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. आयटीआयचं तोंड पाहिलं नाही. जळालेल्या गाड्या उकलून शिकलो. म्हणून गाडीही पारखून घेतली. एक किलो गॅसमध्ये सत्तावीस किलोमीटर, एसी बंद ठेवून. हे मी गावात भेटेल त्याला ऐकवत असे.

सकाळी साडेपाचला निघालो. पुढे बाबा, मागे बायको सुनंदा. अकोल्यात गॅस भरायला थांबलो, तर पंपावरचा माणूस म्हणाला, “सगळे उतरा. बुढ्यालेबी उतरवा.”

नियम बरोबर आहे. दोनशे बारचा दाब असतो. भरताना आत कोणी बसू नये. पण उतरलेल्या माणसाने टेकायचं कुठे? खुर्ची नाही, बाक नाही, सावली नाही. फलकावर सीएनजीचं हिरवं पान मात्र पुरुषभर उंच. रॉडवाल्या माणसाला उतरवणं म्हणजे आधी दोन्ही पाय बाहेर, मग कंबर, मग काखेत हात. बाबा पंधरा मिनिटं माझ्या खांद्यावर भार टाकून उभे राहिले.

बऱ्हाणपूरच्या बाजूला दीड तास रांग. पाळी आली, बाबांना उतरवलं, आणि प्रेशर संपलं. तिथे गॅस पाइपातून येत नाही, ट्रकने येतो. बाबांना परत बसवलं. ट्रक आल्यावर परत उतरवलं. काचेच्या केबिनमध्ये गादीच्या खुर्चीत बसलेल्या मॅनेजरकडे मी एक खुर्ची मागितली. “ये पंप है, अस्पताल नहीं,” तो म्हणाला. मी त्याला जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही.

ढाब्यावर शेवभाजी-रोटी, तिघांचे चारशे वीस. चव बरी होती, पण बाबांनी निम्मी रोटी ताटात ठेवली. मुक्काम खंडव्याला, खोलीचे बाराशे. तळमजल्याचीच मागून घ्या. लिफ्टवर विसंबू नका.

दुसऱ्या दिवशी हरद्याच्या पुढे तिसरा पंप. मी दार उघडलं, तर बाबांनी खिडकीवरची मूठ घट्ट धरली.

“मी नाही उतरत. कालपासून पाय ठणकून राह्यला.”

मी नियम समजावू लागलो, दोनशे बारपासून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मिलिंदा, या गाडीले पेट्रोलची टाकी हाय का नाही?”

“हाय.”

“भरेल हाय?”

“हाय.”

“मंग तुहे सत्तावीस किलोमीटर माह्या पायानं कायले मोजून राह्यला?”

सुनंदा खिडकीबाहेर पाहू लागली.

पेट्रोलचं बटण स्टिअरिंगच्या डावीकडे असतं. एका बोटाचं काम. मी ते दोन दिवसांत दाबलं नव्हतं. आता पेट्रोलही निव्वळ मिळत नाही, इथेनॉल मिसळलेलं असतं, ॲव्हरेज पडतं, हे सगळं मला पाठ आहे. बटण दाबलं आणि रांगेतून गाडी काढली. मॅनेजरवर ओरडता येतं. स्वतःवर कुठे ओरडणार?

सांचीला गाडी टेकडीवर जाते. गर्दी कमी, फरशी सपाट. बाबा काठी टेकत स्तूपाच्या दगडी तोरणापर्यंत गेले. तिथे गुडघा थरथरू लागला आणि ते खाली बसले. घोटा सुजून चपलेच्या पट्ट्याबाहेर आला होता. त्यांनी हात जोडले आणि मला म्हणाले, “तू मारून ये फेरी.”

मी अनवाणी, तापलेल्या दगडावरून, एकटा फिरून आलो.

परतीचा सगळा प्रवास पेट्रोलवर केला. तिन्ही पंपांची तक्रार केली आहे; उत्तर एकाचंही नाही. नियम करणाऱ्यांचं एक बाक ठेवायला काय बिघडतं, हे मला अजून कळत नाही. तोवर म्हातारं माणूस बरोबर असेल तर बटण घरूनच दाबून निघा. पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

आसेगावात लोक बाबांना विचारायला येतात, सांची कशी हाय म्हणून. बाबा माझ्याकडे बोट दाखवतात.

“यानं पाह्यली. याले इचारा.”