हळूहळू उतरणारा आकडा

वडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारा तो घरूनच काम करतो. बॅटरी किती उरली, यंत्र किती तापलं, हे ऑपरेटिंग सिस्टीमनं माणसाला कसं दाखवायचं, ते तो ठरवतो. बोलता बोलता लॅपटॉपच्या बुडाला तळवा लावून ऊब बघायची त्याला सवय. त्याचे वडील, आप्पा, पॉवरलूमच्या मोटारीला असाच तळवा लावायचे.

माझा लॅपटॉप वीस टक्क्यांवर असताना एकदम बंद पडला, तेव्हा मी त्याच्यावरच चिडले. तो हसला नाही. "आक्का, खरा आकडा कवाकवा धाडकन पडतोय. माणूस घाबरतंय. म्हणून आम्हीच त्यो हळूहळू उतरवून दावतो."

गेल्या महिन्यात दवाखान्यानं आप्पांना घरी पाठवलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा होता, आणि मुलानं तो मुठीत झाकून धरला होता.

"किती हाय रं?" आप्पांनी विचारलं.

"त्र्याण्णव. काल चौऱ्याण्णव व्हतं."

मुठीच्या फटीतून मला आकडा दिसला. एकाहत्तर.

आप्पांनी दुसरा तळवा त्याच्या मनगटावर ठेवला, मोटारीवर ठेवायचे तसा. "आकडा ऱ्हाऊ दे. तुझा हात लई थरथराय लागलाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं ब्याण्णव सांगितलं. आप्पांनी विचारलंच नव्हतं.