राखेचा स्लॅब आणि भावाची हळद

पेणहून रोह्याकडे जाताना रस्त्याला लागून तयार काँक्रीटचा एक प्लांट आहे. तिथल्या लॅबमध्ये मी क्यूब फोडते. म्हणजे काँक्रीटचे ठोकळे भरायचे, पाण्यात बुडवून ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी मशीनखाली दाबून किती ताकद आली ते लिहायचं. घरी सांगतात, 'पोरगी कंपनीत ठोकळे फोडते.' ते चूकही नाही.

आमचं गाव खाडीकडे. वडील मिठागरात कामाला. जुन्या घराचा छज्जा एका दुपारी आपणहून खाली आला. कुणाला लागलं नाही, पण आतली सळई खाऱ्या हवेने इतकी गंजलेली की हाताने मोडत होती. नवं घर बांधायला घेतलं तेव्हा मी म्हटलं, स्लॅबच्या काँक्रीटमध्ये थोडं सिमेंट कमी करून वीजकेंद्रातली राख घालू. काँक्रीट गच्च होतं, खार सहज आत शिरत नाही.

"राख? घरात?" वडील म्हणाले.

गवंडी म्हणाला, "ताई, भांडी घासायचीत काय?"

वडील तयार झाले. पटलं म्हणून नाही. शिकलेल्या पोरीला नाय कसं म्हणायचं, म्हणून.

प्लांटवरून गाडी आली. वरून पाणी न मारताही माल सहज पसरला. गवंड्याने थापी फिरवली आणि नाइलाजाने म्हणाला, "मऊ हाय." त्याच्याकडून एवढंच कौतुक मिळालं.

एक गोष्ट मात्र मी घरी नीट सांगितली नव्हती. राखेच्या काँक्रीटला ताकद सावकाश येते. आणि भावाचं लग्न स्लॅबनंतर अठराव्या दिवशी होतं. स्लॅबच्याच मालातून भरून ठेवलेला सातव्या दिवसाचा क्यूब फोडला. आकडा पाहिला आणि मशीनमध्ये बिघाड असेल म्हणून दुसरा फोडला. मशीन चांगलं होतं.

पंधराव्या दिवशी गवंडी स्लॅबखालचे टेकू काढायला आला. आदल्या दिवशीचा क्यूबही कमीच भरला होता. मी दारात उभी राहिले.

"टेकू काढायचे नाहीत."

"ताई, आजवर पंधराव्या दिवशीच काढलेत. एक घर पडला नाय."

"त्यात राख नव्हती."

"तेच तर मी सांगत होतो!"

आई मध्ये पडली. "काय गो, हळद कुठं लावायची मग?"

"इथंच. टेकूंमध्ये."

हळद टेकूंमध्ये झाली. मांडववाल्याने न विचारता प्रत्येक टेकूला झेंडूची माळ गुंडाळली. एका आत्याचं कपाळ आपटलं. टेकूंना बांधलेल्या आडव्या बांबूंखाली वाकून नाचणं भाग असल्यामुळे भावाचे मित्र लवकर दमले. कुणी विचारलं की वडील शांतपणे सांगायचे, "पोरीनं सांगितलाय." प्रत्येक वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सगळे नवरदेवाकडे बघत होते. मी वर बघत होते. नवी वहिनी माप ओलांडून आत आली ती पहिल्या टेकूला वळसा घालूनच.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी तीन क्यूब फोडले. तिन्ही हव्या त्या आकड्याच्या वर गेले. वडिलांना फोन केला.

"बरा झाला," ते म्हणाले. "काढू म्हणतेस?"

"काढा."

गवंड्याने टेकू काढले, स्लॅबवर खालून हातोडी मारली, कान लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाजतोय बरा."

संध्याकाळी वडील त्या रिकाम्या खोलीत मधोमध उभे होते. त्यांनी विचारलं, "सळईला खार लागला नाय, हा कवा कळंल?"

"वीस-पंचवीस वर्षांनी."

त्यांनी जरा हिशेब केला.

"मग तू बघ," म्हणाले आणि पाय धुवायला गेले.