माझ्या कामाचा दाखला

"कागद नसलेल्याने काय करावं? कागद नसलेल्याने घरी जावं."

श्रीरंग सर माइकवर असं म्हणाले आणि सगळा हॉल हसला.

जर्मनीतल्या इंगोलश्टाटमधला चर्चचा हॉल. रविवारची दुपार. मराठी मंडळाने विद्यार्थ्यांसाठी करिअर मार्गदर्शन ठेवलं होतं. पोहे, चहा, प्रोजेक्टर. सर गाड्यांच्या सुट्या भागांची डिझाइनं करून देणारं स्वतःचं ऑफिस चालवायचे. वीसेक पोरं वह्या काढून बसली होती. त्यांच्यात मीही.

प्रश्न मी विचारला होता. दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. एखाद्याचा व्हिसा संपला असेल, पण कॉलेजात नाव चालू असेल, तर त्याने प्राक्टिकुम कशी मिळवायची? प्राक्टिकुम म्हणजे इंटर्नशिप. ती केल्याशिवाय इथे नोकरीसाठी कुणी दारात उभं करत नाही.

हसणारी पोरं माझ्याच वयाची होती. त्यांतला एक माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. तोही हसला.

मी प्रश्न परत घेतला नाही. पण खाली बसले.

चहाच्या वेळी सर जवळ आले. "आडनाव काय म्हणालीस?"

सांगितलं.

"पुण्यात कुठे?"

सांगितलं.

"अच्छा. अच्छा."

पहिल्या अच्छाला ते माझ्याकडे बघत होते. दुसऱ्याला कपाकडे.

"स्कॉलरशिपवर आली असशील मग. सरकारने तिकीट काढलं असेल."

"बँकेचं कर्ज आहे, सर."

"हो का? बरं. तो प्रश्न तुझाच होता ना?"

मी कपात बघितलं. त्यांना तेवढं पुरलं.

"ये उद्या घरी. बघू काहीतरी."

माझे कागद कसे संपले, ते सांगते. त्यात चोरी नव्हती. माझा पासपोर्ट शाळेत असताना काढलेला, दहा वर्षांचा. मास्टर्सच्या मध्यावर तो संपला. नवा हवा तर पुण्यात पत्त्याची पडताळणी लागते. पत्ता उरलाच नव्हता. रस्ता रुंद करायचा म्हणून आमची नदीकाठची वस्ती पाडली होती. बाप प्रेसमध्ये पुस्तकं बांधायचा. तो आणि आई तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, आणि शेडला नंबर नव्हता. पत्ता नाही म्हणून पासपोर्ट नाही. पासपोर्ट नाही म्हणून इथला व्हिसा नाही. कॉलेजने मात्र काही विचारलं नाही. फी भरली की सेमिस्टर चालू. वर्गात मी इंजिनिअर होत होते. वर्गाबाहेर मी बेकायदा होते.

सरांचं ऑफिस त्यांच्या बंगल्याच्या तळघरात होतं. मागून वेगळा दरवाजा. "तू मागूनच येत जा," मेधाताई म्हणाल्या. त्या सरांच्या बायको. बोलणं गोड. "शेजारी जर्मन आहेत ना गं, चौकशा करतात."

मी सीटच्या सांगाड्याची ड्रॉइंग्ज करू लागले. कुठे किती भार येतो याचे हिशेब करायचे. बदल सुचवायचे. सर वरून खाली यायचे, माझ्या खांद्यावरून बघायचे, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचे आणि फाइल घेऊन जायचे. फाइलवर त्यांचं नाव. पैसे कधी पाकिटात, कधी "पुढच्या आठवड्यात". इथे याला श्वार्त्सआर्बाइट म्हणतात. काळं काम, कुठेच नोंद नसलेलं. माझ्याकडे दुसरं नव्हतं.

चहा मी माझ्या मगमध्ये प्यायचे. पहिल्या दिवशी मी तो विसळायला वर नेला. मेधाताईंनी जिन्यातच अडवलं.

"तुझा मग खालीच ठेव हं. डिशवॉशर भरलाय."

डिशवॉशर रोज भरलेला असायचा.

त्यांची मुलगी ईरा दुसरीत होती. मराठी समजायचं, उत्तर जर्मनमध्ये. एकदा तिने मला जिन्यात बघितलं आणि आईला विचारलं, "मामा, इस्ट दास दी पुत्सफ्राऊ?" ही आपली सफाईवाली का? मेधाताई हसल्या. नाही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली झाडू आणि बादली ठेवलेली होती. "खाली आहेसच, तर जरा पुसून घेत जा."

मी पुसलं. हे लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. मी पुसलं.

क्लायंट यायचे तेव्हा मला बॉयलरच्या खोलीत बसायला सांगत. आवाज करायचा नाही. वर माझी ड्रॉइंग्ज टेबलावर पसरलेली असायची, हसण्याचे आवाज यायचे, आणि मी खाली वॉशिंग मशीनशेजारी स्टुलावर.

लोक विचारतात, तेव्हाच का नाही सोडलंस? त्यांना ती भीती माहीत नाही. रस्ता मोकळा असला तरी मी लाल सिग्नलला थांबायचे. बसमध्ये तिकीट हातात धरूनच बसायचे. दाढ ठणकत होती, तरी डॉक्टरकडे गेले नाही. स्टेशनवर वर्दी दिसली की दुकानात शिरायचे आणि नको असलेलं मासिक चाळत उभी राहायचे. अशी भीती असली की तळघर सुरक्षित वाटतं.

शेवटच्या सेमिस्टरला सगळे अर्ज करू लागले. प्रत्येक कंपनी त्स्यॉयग्निस मागते. कामाचा दाखला. कुठे काम केलं, काय केलं, कसं केलं, हे मालकाने लिहून द्यायचं. सरांकडे मी तेवढंच मागितलं.

ते खुर्चीत मागे टेकले.

"तू कागदावर नाहीसच. तुझं काम कागदावर कसं येणार?"

"काम तर झालंय, सर."

"माझ्या नावाने झालंय."

"केलं मी."

मग त्यांचा आवाज बदलला. इतके महिने दाताखाली धरून ठेवलेलं बाहेर आलं. "तुम्हा लोकांना ना, सगळं मागून मिळायची सवय. इथे कोटा नाहीये. मी तुला उभं केलं. नाहीतर कुठे असतीस?"

"मी उद्यापासून येणार नाही," मी म्हणाले.

"जा. एक फोन करतो मी. दारात पोलीस येतील. परवा विमानात असशील."

  ज्या फोनला घाबरून मी झाडू धरला, तो फोन आता टेबलावर आमच्या मध्ये पडला होता. आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस आज फोन करणार नसेल, तर उद्या करेल म्हणेल. परवाही म्हणेल. मी पुसत राहीन, तोपर्यंत म्हणत राहील.

"करा," मी म्हणाले. "नंबर नसेल तर मी देते. मला पाठ आहे."

त्यांनी फोन उचलला नाही.

मी बॅग घेतली. मागच्या दाराने गेले नाही. जिना चढले. स्वयंपाकघरातून, त्यांच्या बैठकीतून, गालिच्यावरून, बूट घालून. मेधाताई सोफ्यावर होत्या. "अगं, इकडून कुठे?" मी पुढचं दार उघडलं आणि रस्त्यावर आले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सल्ला केंद्रात गेले. फ्राऊ ब्रांट नावाची बाई बसायची. सगळं सांगितलं. तिने सहानुभूती दाखवली नाही, बरं वाटलं. तिने पेन घेतलं.

"प्राक्टिकुम तूर्त नाही. विद्यार्थ्यांची अर्धवेळ नोकरी नाही. परीक्षा, हो. तुमचं नाव इथे आहे. प्रबंध कंपनीत नाही, पण कॉलेजच्या लॅबमध्ये, हो. तो अभ्यास आहे, नोकरी नाही. आणि डिग्री मिळाली की तुमची. ती कुणी परत घेत नाही."

"आणि जे काम केलं ते?"

"त्याबद्दल तुम्हाला दंड होऊ शकतो." ती माझ्याकडे बघत म्हणाली. "पण परवाना नव्हता म्हणून केलेलं काम न केलेलं होत नाही. दाखला मागता येईल. कोर्टात."

मग आम्ही दोघी परदेशी लोकांच्या ऑफिसात गेलो. मी स्वतःच्या पायांनी गेले. खिडकीमागचा पोरगा माझ्या वयाचा होता. त्याने माझी गोष्ट टाइप केली आणि एक कागद दिला. दुल्डुंग. म्हणजे सहन करणं. इथे राहायचा हक्क नाही, पण तूर्त हाकलत नाही.

बाहेर बाकावर बसून मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. नवीन नव्हता. शाळेत बाईंनी मला सहन केलं होतं. इंजिनिअरिंगला असताना मेसच्या काकूंनी आडनाव कळेपर्यंत गरम पोळी वाढली, नंतर सहन केलं. सरांनी तळघरात सहन केलं. जर्मन सरकारने निदान शिक्का मारून सांगितलं.

रात्री बापाला फोन केला. वाटलं होतं, परत ये म्हणेल.  तो म्हणाला, "घर पाडायला आले तेव्हा आम्ही सामान बाहेर काढून दिलं. आपल्या हातानं. गप. तू गप बसू नको."

मी केस केली. पैशांची नाही. दाखल्याची.

मग फोन सुरू झाले. मंडळाचे सेक्रेटरी. शेजारच्या खोलीतला तो पोरगा. शेवटी मेधाताई.

"अगं, आपल्याच माणसावर केस? जर्मन लोकांसमोर आपली लाज काढतेस?"

"आपली म्हणजे कुणाची, ताई?"

"आपली म्हणजे... मराठी माणसांची."

"तुमच्या डिशवॉशरमध्ये माझा मग मावला नाही. कोर्टात बरी आपली झाले."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मंडळाच्या ग्रुपवरून माझं नाव काढलं.

दंड झाला. भरतेय. केस चालू असतानाच बापाला पुनर्वसनाच्या इमारतीत खोली मिळाली, पत्ता झाला, पासपोर्टचं काम हललं. लॅबमध्ये प्रबंध पूर्ण केला. डिग्री हातात आली. नोकरी अजून नाही. अर्जांना उत्तरं येतात, अनुभव कुठला?

कोर्टाच्या तारखेला सर सूट घालून आले होते. आत जायच्या आधी त्यांच्या वकिलाने एक पान पुढे केलं. तयार दाखला. छापलेला, सहीसकट. सर पहिल्यांदाच माझ्याशी हळू बोलले. "घे. मिटव आता."

मी वाचलं. काही महिने मदतनीस म्हणून होती. सोपवलेली कामं करण्यासाठी ती नेहमी प्रयत्नशील असे.

चांगलं वाटलं मला. क्षणभर. फ्राऊ ब्रांट सोबत आली होती, तिने वाचून ओठ आवळले.

"हे वाक्य सगळ्या जर्मनीला कळतं," ती म्हणाली. "प्रयत्नशील होती, म्हणजे जमलं काहीच नाही. हे दाखवलं तर कुणी तुम्हाला घेणार नाही."

तर असं. शिवी द्यायची, तीही छापून, शुद्ध भाषेत, आणि आम्ही ती हात जोडून घ्यायची. माझा वकील कानाशी म्हणाला, "घ्या. बरेच जण घेतात. नाहीतर आणखी किती महिने जातील सांगता येत नाही."

मी ते पान सरांच्या हातात परत दिलं. मराठीत बोलले. त्यांना नीट कळावं म्हणून.

"मदतनीस नाही. डिझाइन इंजिनिअर. सीटचा सांगाडा कुणी काढला ते लिहा. हिशेब कुणी केले ते लिहा. प्रयत्न केला नाही मी. काम केलं."

"वेडी आहेस तू," सर म्हणाले.

आत गेलो. न्यायाधीश बाईंनी विचारलं, तडजोड झाली का? मी म्हणाले, नाही. त्यांनी पुढची तारीख दिली.

मला या देशात राहू देतील की नाही, माहीत नाही. नोकरी मिळेल की नाही, तेही माहीत नाही. हे सांगून कुणाला माझी दया येणार असेल, तर त्याने ती स्वतःजवळ ठेवावी. मला कुणी सहन करायला नको आहे. जे मी केलं ते माझ्या नावाने, खरं, त्या माणसाच्या सहीने लिहिलं गेलं पाहिजे. तोपर्यंत मी एकही पान घेणार नाही, एकही सही करणार नाही, आणि एकही तारीख चुकवणार नाही.