मुद्रकाचं नाव

चिटगुप्पा गावात एकट्याने छापखाना चालवणाऱ्या त्या माणसाचा मला भयंकर राग यायचा. हॉटेलात आमच्यासाठी वेगळे कप ठेवतात, त्याविरुद्धचं पत्रक बाजाराच्या दिवशी सकाळीच वाटायचं होतं. आणि हा छपाईचे खिळे जुळवायचं सोडून अंतराळातल्या लढायांची तीच जुनी कादंबरी वाचत बसलेला.

"अप्पा, कितीदा वाचायलात? शेवट पाठ झाला की!"

"व्हय. पण ते लहानगं जहाज बादशहाच्या ताफ्यात शिरलं की छाती धडधडतीच."

"आभाळातबी बादशहाच? हितले कमी हायेत का?"

"गप रं. पान संपू दे."

ते पान संपलं, पुढचंही संपलं. मी चरफडत राहिलो. हॉटेलवाल्याने त्याला छापखाना फोडायचा दम दिला होता, म्हणून पत्रकाच्या तळाशी मुद्रकाचं नाव घालू नका, असं मीच त्याला बजावून निघालो.

दुसऱ्या दिवशी ओली पत्रकं हातात पडली तेव्हा बाजार भरून गेला होता. भांडायला तोंड उघडलं आणि तळाची ओळ दिसली. त्याचं पूर्ण नाव, पत्त्यासकट.

"हे कामून घातलं?"

"निशाण उतरवून लढाईला जात न्हाईत," तो म्हणाला, आणि मी पत्रकं घेऊन निघायच्या आत पुन्हा कादंबरीत शिरला.