मोरीचं पिल्लू

देवगड बंदरातले एक मच्छीमार काका जाळं सोडवताना माशांशीच बोलत. 'थांब रे, सोडतंय तुका,' म्हणत. जाळ्यात गाभण मोरी, म्हणजे लहान शार्क, आली तर तिची जिवंत पिल्लं ते कमरेएवढ्या पाण्यात जाऊन सोडून येत.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी त्यातलं एक मागितलं.

"जिता आसा गो बाय. मेलेला चलात मा?"

सरांना ताजा नमुना हवा होता आणि सरांना नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही. मी फॉर्मालिनची बरणी उघडली. काकांनी पिल्लू माझ्या ओंजळीत दिलं.

"माज्यान जमाचा नाय. तूच घाल."

त्यांनी पाठ फिरवली. पाणी चार पावलांवर होतं. बरणीचं झाकण लागल्याचा आवाज येईपर्यंत ते वळले नाहीत.