स्टार्टरवरचे ठोके

भर खाडीत होडीचं इंजिन बंद पडलं. नाखव्याने किल्ली फिरवली, पण स्टार्टर नुसता टक् करून अडकला. ओहोटी आम्हाला समुद्राकडे ओढत होती आणि नांगर धरत नव्हता. नाखवा पान्याने स्टार्टरवर हलके ठोके देत राहिला. मघाशी ज्या आवाजाने डोकं उठलं होतं, तोच ऐकायला आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो. अखेर इंजिन धडधडलं.

धक्क्याला लागल्यावरही त्याने ते चालूच ठेवलं. "आता बंद केलं तर परत उठेल याचा भरवसा नाय, ताई."

घरी बाबा दुपारचे झोपले होते. एरवी त्यांची झोप मोडू नये म्हणून मी पाऊलही वाजवत नाही. आज दारातूनच हाक मारली. ते लगेच हलले नाहीत.

मी पुन्हा हाक मारली.