अस्तराचा कच्चा टाका

सुगंधाचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू होतो. नळाला पाणी तेव्हाच येतं. पाणी भरून, भाकऱ्या टाकून, साडेसातला ती सुई हातात घेते. त्याआधी नाही. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा तर उजेड खिडकीचाच लागतो, असं तिचं म्हणणं.

सुगंधा माझी बायको. अंधेरीला एका एक्स्पोर्ट कंपनीत तिनं सव्वीस वर्षं चेकरचं काम केलं. दुसऱ्यांनी शिवलेल्या कपड्यातल्या चुका शोधायच्या, सुटलेले दोरे कापायचे. सगळं उभ्यानं. कंपनी बंद पडल्यावर ती मुलुंडला आमच्या घराजवळच्या जयंतीबाईंच्या बुटीकचं हातकाम करू लागली. मी भांडुपच्या कारखान्यात लोखंड उचललं. काम चांगलं कुठलं आणि उरकलेलं कुठलं, एवढं मला कळतं. तिचं काम परत आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तिला नाद एकच. देशाची सुंदरी निवडतात ती स्पर्धा. पंचवीस वर्षांत तिनं एकही अंतिम फेरी चुकवली नाही. माझी आई वारली त्या वर्षीसुद्धा आवाज बंद करून बघितली. शाळेच्या वहीत ती तीन रकाने आखते: चाल, उत्तर, शिलाई. प्रत्येकाला दहा गुण.

सुरुवातीला मी चिडायचो. "उघड्या बायका काय बघत बसतेस?"

"उघड्या नाहीत हो. अंगाच्या रंगाचं अस्तर असतं. नीट बघा, शिवण दिसेल."

मी नीट बघितलं. शिवण होती. 

"या मुली चार-चार महिने नुसतं चालायला शिकतात," ती सांगायची. "टाच कुठं टेकायची ते शिकतात. त्याला मेहनत नाही म्हणाल?"

यंदा आमच्या मुलुंडचीच एक मुलगी अंतिम फेरीत गेली. गंधाली. तिच्या गाऊनचा काठ दुमडायचं काम जयंतीबाईंनी सुगंधाला दिलं. जड सॅटिन, खाली अस्तर, दोन्हींचे काठ वेगळे. सुगंधानं आधी दोन्हींना कच्चे टाके घातले, पक्की शिलाई झाली की उसवून काढायचे. कापड जड म्हणून दोरा दुहेरी घेतला. मग दुकानातच बसून पक्की हातशिलाई केली. गंधाली गाऊन घेऊन जायला थांबली होती. सुगंधाला एवढ्या जवळून अशी मुलगी कधी भेटली नव्हती.

"उत्तराला किती वेळ देतात गं?"

"तीस सेकंद, मावशी."

"आणि घाम आला तर?"

"येऊ द्यायचा. पुसायचा नाही."

घरी येऊन तिनं हे मला तीनदा सांगितलं.

शनिवारी अंतिम फेरी होती, गोरेगावला, संध्याकाळी सात वाजता. सुगंधानं दुपारीच वही आखली. चार वाजता ती आठवड्याच्या कामाच्या चिठ्ठ्या लावायला बसली. तिची एक पद्धत आहे, कंपनीतली. तिथं मोडलेल्या सुईचा तुकडासुद्धा परत द्यावा लागे. तशी ती कच्चा दोरा उसवला की फेकत नाही. बोटाला गुंडाळून त्याची छोटी गुंडी करते आणि त्या कामाच्या चिठ्ठीला टाचते. गुंडी लागली म्हणजे दोरा निघाला.

गंधालीच्या चिठ्ठीला एकच गुंडी होती.

तिनं चिठ्ठी उलटी केली. डबा पालथा केला. खाली वाकून फरशीवरून हात फिरवला.

"अहो, दोन हव्यात. वरच्या कापडाची आहे. अस्तराची नाही."

"मग?"

"मग दोरा आतच आहे. बोटभर लांब टाके, दुहेरी दोरा. सँडलची टाच त्यात गेली की पोरगी तोंडावर पडेल. सगळ्या देशासमोर." ती मटकन खाली बसली. "मी बोलत बसले होते हो. हात कामात आणि जीव गप्पांत. काय करूचा आता?"

घाबरली की ती मालवणीवर येते.

गंधालीचा फोन बंद. मुलींचे फोन काढून घेतात, हे सुगंधालाच माहीत होतं. जयंतीबाईंनी उचलला.

"अगं सुगंधाताई, आतला टाका कोण बघतंय?"

"टाच बघते," सुगंधा म्हणाली आणि फोन ठेवला.

सुई, कात्री, अंगुस्तान, चिठ्ठी. पिशवी भरायला तिला मिनिटभर लागलं. रिक्षा केली. पवईपर्यंत बरं गेलं. आरेच्या रस्त्याला एक बस बंद पडून आडवी झालेली. दोन्ही बाजूंना झाडं, पुढं बस, मागं रांग. सुगंधा दर मिनिटाला मला वेळ विचारत होती. घड्याळ तिच्याच हातात होतं. पाच दहा. पाच पंचवीस. शेवटी ती उतरून बसच्या कडेनं चालायला लागली. रस्ता सुटला तेव्हा ती अर्धा किलोमीटर पुढं गेली होती. रिक्षावाल्यानं तिला चालत्या रांगेतून उचललं.

हॉलच्या मागच्या फाटकावर वॉचमननं अडवलं. छातीवरच्या पट्टीवर त्याचं नाव होतं, लवू.

"मावशी, सकाळपासून फोटोवाले कंटाळा आणतायत. तुम्ही आणि कुठं?"

सुगंधानं पिशवी उघडली. अंगुस्तान बोटात घातलं, सुई दाखवली, चिठ्ठी पुढं केली. "गंधालीच्या आईला बोलव. गाऊनच्या काठात दोरा राहिलाय. माझ्याकडून राहिलाय."

त्यानं चिठ्ठी वाचली, तिच्या बोटांकडे बघितलं आणि आत फोन लावला.

गंधालीची आई, उत्तराबाई, धावतच आली. "आत्ता सांगताय? पाऊण तास उरलाय!"

"मला दहा मिनिटं द्या. ओरडायचं ते नंतर ओरडा."

दोघी आत गेल्या. मी फाटकाशी उभा राहिलो. दहाची वीस झाली.

सुगंधा बाहेर आली ती मूठ आवळून. मुठीत दोरा. तुकड्यातुकड्यांनी काढावा लागला होता, कारण गाऊन गंधालीच्या अंगावर होता आणि सुगंधा गुडघ्यांवर. फाटकाच्या दिव्याखाली तिनं ते तुकडे पहिल्या गुंडीच्या दोऱ्याशी लावून मापले. पुन्हा मापले.

"वीतभर कमी आहे."

"आत राहिला असेल का?"

"हात फिरवला सगळीकडून. पण वीतभर कमी आहे."

पुन्हा आत जाता येईना. दारं लागली होती. लवूनं आपल्या मोबाइलवर कार्यक्रम लावला आणि तो स्टुलावर टेकवला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती घराबाहेर, तेही त्याच हॉलच्या भिंतीला टेकून, तळहाताएवढ्या पडद्यावर बघत होती. वही घरी राहिली होती. मुली येत होत्या, जात होत्या. ती कोणाचा चेहरा बघत नव्हती.

"चेहरा बघा ना मावशी, आपली आली!" लवू म्हणाला.

सुगंधाची नजर पडद्याच्या खालच्या कडेला. गंधाली चालली. वळली. काठ वळताना जरा उचलला गेला. सुगंधानं माझं मनगट धरलं, नखं रुतली. पाऊल टेकलं. पुढचं टेकलं. गंधाली परत फिरून रांगेत उभी राहिली.

तिनं श्वास सोडला, पण मनगट सोडलं नाही. पुढं प्रश्न विचारतात त्या पहिल्या पाचांची नावं वाचली. गंधालीचं त्यात नव्हतं.

"माझ्यामुळे?" तिनं विचारलं. "मी ऐन वेळी जाऊन तिला घाबरवलं."

"मला काय कळतं त्यातलं. पडली नाही एवढं खरं."

लवू म्हणाला, "मस्त चालली की. झकास."

परतताना रिक्षात ती पिशवी चाचपत होती. सिग्नलला उजेड पडला तेव्हा मला तिच्या ब्लाउजच्या बाहीला काहीतरी चिकटलेलं दिसलं. पांढरा दुहेरी दोरा. वीतभर. मी काढून तिच्या तळहातावर ठेवला. ती बघत राहिली. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कपड्यांवरचे दोरे टिपले तिनं.

घरी आल्यावर तिनं दुसरी गुंडी केली आणि चिठ्ठीला टाचली. मग वही उघडली, गंधालीच्या नावापुढं शिलाईच्या रकान्यात पाच लिहिले. चाल दहा. उत्तराचा रकाना रिकामा.

त्या काठाची मजुरी सातशे रुपये जयंतीबाईंनी सोमवारी दिली. गोरेगावला जायच्या-यायच्या रिक्षाचं भाडं तेवढंच झालं होतं.